मदत हवी आहे: हळवं भात कापणीला आलंय आणि पाऊस जात नाही (सिंधुदुर्ग)

नमस्कार मंडळी,

कुडाळ तालुक्यात आमची घरची शेती आहे. वरच्या कुणग्यांत (शेताच्या लहान तुकड्यांत) हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात, साधारण १८ गुंठे. खाली ओहोळाच्या बाजूला गरवं (उशिरा पिकणारं), भरडावर (उंचावरच्या कोरड्या जमिनीत) नाचणी आणि घरामागे काकडी, पडवळ, शिराळी यांचे मांडव. कापायला घरचीच माणसं: मी, आई, काका आणि काकी. गरव्याची चिंता नाही, ते दिवाळीच्या आसपास कोरड्यात निघतं. प्रश्न हळव्याचा आहे आणि तो या आठवड्यातच सुटायला हवा.

भात कर्जत-३ जातीचं आहे, ११५ ते १२० दिवसांचं. रोहिणी नक्षत्रात पेरलं की सप्टेंबरअखेर पिकतं. पाऊस मुंबईतून परतायची सरासरी तारीखच ८ ऑक्टोबर, आमच्याकडून तो त्याच्याही नंतर जातो. म्हणजे पिकलेलं भात पावसात उभं राहणार हे जवळजवळ ठरलेलंच. हळवं लावूच नका, असं कृपया सुचवू नका. वरच्या कुणग्यात पाणी ठरत नाही, गरवं तिथे दाणा भरायच्या वेळी सुकतं. शिवाय हळवं निघाल्यावर त्याच ओलीवर आम्ही कुळीथ टाकतो, घरची वर्षाची पिठी त्यावरच चालते.

आजची स्थिती अशी: लोंब्या पिवळ्या झाल्यात, फक्त बुडाकडचे थोडे दाणे हिरवट आहेत. दुपारपर्यंत कडक ऊन, चारनंतर गडगडाट आणि जोरदार सर. परवाच्या वाऱ्यात दोन कुणगे लोळले. काल त्यातल्या लोंब्या उचलून पाहिल्या, तर चिखलाला टेकलेल्या दाण्यांना देठाकडच्या बाजूने सुईच्या टोकाएवढे पांढरे मोड आलेत. उभ्या भातात अजून एकही दाणा रुजलेला दिसला नाही. बहुतेक हळव्या जातींच्या दाण्याला सुप्तावस्था (पिकल्यावर काही काळ न रुजता राहणं) फारशी नसते, त्यामुळे ओल लागली की ते थांबत नाहीत, एवढं मला माहीत आहे.

नेहमी आम्ही कापून कडपे (कापलेल्या भाताच्या मुठी) शेतातच उन्हात टाकतो आणि दुसऱ्या दिवशी भारे बांधून खळ्यात आणतो. यंदा ते जमणार नाही. ओलं भात पडवीत रचलं तर रात्रीत आत वाफ धरते, हात घातला की गरम लागतं. मग तांदूळ पिवळा पडतो आणि भाताला कुबट वास येतो. अशा वेळी तुम्ही काय करता? ओलंच झोडून दाणे वेगळे करायचे, की भारे कुठेतरी उभे करून ठेवायचे?

दुसरं, लोळलेल्या भातावर ५ टक्के मिठाचं पाणी (लिटरला ५० ग्रॅम) फवारलं तर मोड थांबतात, असा सल्ला वाचला. कोकणात कोणी करून पाहिलंय का? आमचं गवत गुरांना जातं आणि मागून तिथेच कुळीथ आहे, म्हणून हात धजत नाही. आणि थोडं रुजलेलं भात उकडून उकडे तांदूळ केले तर गिरणीत कणी फार होते का?

सगळ्यात जीव अडकलाय तो मात्र एका लहान कुणग्यात. तिथे आजीच्या वेळेपासूनचं पेजेचं लाल भात आहे. त्याचं बियाणं बाजारात मिळत नाही. आजूबाजूच्या वाडीतही आता कोणी ते लावत नाही. ते अजून उभं आहे. घरात खायला तांदूळ कमी पडला तर विकत आणू, पण हे बियाणं गेलं तर कायमचं गेलं. ते कसं वाचवू, हे अनुभवी माणसांनी आधी सांगावं.

(मांडवावरच्या जून तवशांचं (मोठ्या काकड्यांचं) विचारणार होते, पण काकीने ती गवताच्या वेठाने (वळलेल्या दोरीने) बांधून माळ्याला टांगलीसुद्धा. दिवाळीनंतरच्या धोंडसाची (काकडीच्या गोड केकची) सोय झाली.)

प्रतिसाद:

ताई, आधी लाल भात. सगळा कुणगा पिकायची वाट बघू नका. उद्या सकाळी दव सुकल्यावर उभ्या, निरोगी, भरलेल्या लोंब्या हाताने खुडून घ्या. लहान जुड्या बांधून चुलीच्या वरच्या बाजूला दोरीवर टांगा, पण आच लागेल इतक्या जवळ नको. ऊन मिळेल तेव्हा खळ्यात चटईवर पातळ पसरा. दाताखाली कट्कन तुटला की दाणा सुकला. मग १०० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, आठ-दहा दिवसांत ८० च्या वर रुजले तर बियाणं चांगलं. आणि सगळं एकाच घरात ठेवू नका, थोडं माहेरी किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडे द्या.

बाकीच्यात लोळलेलं आधी कापा. मोड आलेल्या लोंब्या वेगळ्या काढा, त्या चांगल्यात मिसळल्या तर सगळाच तांदूळ बिघडेल. कापलं त्याच दिवशी झोडा. ओला दाणा पडवीत चार बोटांपेक्षा जाड पसरू नका, पंखा लावा, दर दोन-तीन तासांनी पायाने चाळवा. मीठ मी कधी मारलेलं नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही. रुजलेलं भात उकडून आमच्याकडे कणीच जास्त झाली. ते आम्ही कोंबड्यांना आणि गुरांना घालतो.

उत्तर:

दादा, खूप आभार. लाल लोंब्या उद्याच खुडते. थोडं बियाणं आईच्या माहेरी वेंगुर्ल्याला पाठवेन, तिच्या बहिणीकडेही ठेवता येईल. मिठाच्या फवारणीचा प्रत्यक्ष अनुभव असलेलं कोणी असेल तर अजूनही सांगा. लोळलेले दोन कुणगे एका दिवसात आमच्या चौघांच्याने उरकणार नाहीत, आणि आभाळ आज दुपारपासूनच भरून आलंय.