देवकुंड पावसाळ्यात बंद: मला पटत नाही

ओलाचिंब

परवा रविवारी पहाटे साडेचारला पुण्यातून निघून ताम्हिणी घाट उतरलो आणि रायगडातल्या भिरा गावाच्या अलीकडेच पोलिसांनी गाड्या वळवायला लावल्या. देवकुंड धबधब्याला मनाई आदेश. आधी कलम १४४ म्हणायचे, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं १६३. आकडा बदलला, बॅरिकेड तेच. हवालदार सभ्य होते. "साहेब, रविवार आम्हालाही असतो," एवढंच म्हणाले. वाद न घालता परत फिरलो, पण डोक्यातून जात नाहीये म्हणून हा धागा.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघं तिथं गेलो होतो. देवकुंडला जायचंय म्हटल्यावर भिऱ्यातल्या निम्म्या लोकांना "कशाला?" हाच प्रश्न पडला होता. शेवटी एक काका सोबत आले. डोक्यावर इरलं, पाय अनवाणी. धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने वाट, मग गच्च रान, जळवा, आणि मध्ये आडवे येणारे ओढे. पहिला घोट्याएवढा होता. दुसऱ्यापाशी काकांनी थांबवलं. एक काटकी मोडून पाण्याच्या अगदी काठाला चिखलात रोवली आणि इरल्याच्या आडोशाला विडी पेटवली. आमची घाई चाललेली. विडी संपली तेव्हा काटकीभोवती बोटभर पाणी चढलं होतं. काका उठले. "चला मागं." बस्स. देवकुंड त्या दिवशी दिसलंच नाही. तीन आठवड्यांनी परत गेलो, तेव्हा काटकी कोरडी राहिली आणि ते हिरवंनिळं कुंड पाहायला मिळालं.

आता माझं म्हणणं. या काकांसारखी माणसं गावात असताना सरसकट बंदी म्हणजे प्रशासनाने अंग काढून घेणं आहे. रोज ठरावीक माणसं सोडा, गावात नोंद करा, गावचा वाटाड्या सक्तीचा करा, हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल त्या दिवशी फाटक बंद. जमणार नाही असं यात काय आहे? बंदीने गर्दी थांबत नाही, फक्त कुंभे, सावतसडा, नाणेमाची अशा दुसऱ्या धबधब्यांकडे सरकते. आणि जे चोरून जातात ते वाटाड्याशिवाय जातात.

सदाशिव_पेठी

देवकुंड चार महिने बंद म्हणून नागरिकांचे मूलभूत हक्क धोक्यात आल्याचं वाचून वाईट वाटलं. उरलेले आठ महिने आपण काय करता?

ओलाचिंब

उरलेले आठ महिने आपल्यासारख्यांचे प्रतिसाद वाचतो.

दोरखंड

मी गेली अकरा वर्षं शोध-बचावात स्वयंसेवक आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही. मुद्द्याचं लिहितो, जरा लांबेल.

तुमच्या काकांची काटकी सोळा आणे खरी. पण काटकी जातानाचं पाणी सांगते, येतानाचं नाही. देवकुंडच्या डोक्यावर ताम्हिणीचं पठार आहे. तिथं पडलेला पाऊस प्लस व्हॅली नावाच्या दरीतून खाली उतरतो. भिऱ्यात ऊन पडलेलं असलं तरी वर ढग फुटल्यासारखा कोसळत असू शकतो. त्यात आपला सह्याद्री बेसॉल्टचा. वर मातीचा पातळ थर, खाली कातळ. जुलैत माती आधीच भिजून फुगलेली असते, नवीन पाणी मुरायला जागाच नाही. पडलं की धावलं. तुम्ही दोन ओढे ओलांडून कुंडाशी सेल्फी काढताय आणि मागचा ओढा घोट्यावरून छातीवर गेलाय. तो ओसरेपर्यंत तुम्ही पलीकडे अडकलात. मोबाइलला रेंज नाही, अंधार पडतोय, आणि चाळीसजणांत दोन विजेऱ्या.

पाणी वाढणार असेल तर ते आधी खुणा देतं. रंग गढूळ होतो, पालापाचोळा नि काटक्या वाहून येतात, आवाज जड होतो. या खुणा दिसल्यावर हातात वेळ असतो तो मिनिटांत मोजायचा. भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यातला ३० जून २०२४ चा प्रकार सगळ्यांनी मोबाइलवर पाहिला. एकमेकांना घट्ट धरून उभं असलेलं कुटुंब, पाचजण गेले. ती माणसं काही कडा चढत नव्हती. पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावर येणारा जोर चौपट होतो, हे उभं राहून कळत नाही. कळतं तेव्हा पाय उचललेला असतो.

आणि कुंडाबद्दल. धबधब्याखालच्या पांढऱ्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते. त्यात माणूस नेहमीसारखा तरंगत नाही. वरून पडणारी धार खाली दाबते, खालचा भोवरा परत धारेखाली आणून सोडतो. पट्टीचे पोहणारे याच पाण्यात जातात, कारण न पोहणारा मुळात उतरतच नाही.

तेव्हा जून ते सप्टेंबर बंद. मी बंदीच्या बाजूने.

ओलाचिंब

दोरखंड, प्रतिसाद साठवून ठेवलाय. पण यातल्या प्रत्येक गोष्टीवर तोडगा आहे. वर ताम्हिणीत एक माणूस वॉकीटॉकी घेऊन बसवा, कुंडात उतरायला पूर्ण मनाई करा, दुपारी बाराला सगळ्यांना परत फिरवा.

दोरखंड

तो माणूस पगारावर कोण ठेवणार? जुलैत रायगड जिल्ह्याच्या यंत्रणेकडे काय काय असतं ते आठवा. २२ जुलै २०२१, तळीयेची दरड. त्याच दिवशी महाड पाण्याखाली. १९ जुलै २०२३, इर्शाळवाडीची दरड. चिखलातून माणसं काढायला जी पोरं जातात तीच पोरं तुम्हाला ओढ्यापलीकडून आणायला येतात. दुसरी नाहीत. कुंभ्याला जुलै २०२४ मध्ये रील करताना एक मुलगी तीनशे फूट दरीत कोसळली, तिला वर घ्यायला सहा तास लागले, तरी वाचली नाही. ते सहा तास भर पावसात दोरावर कोण असतं, हे त्या रीलमध्ये येत नाही.

आईसाहेब_कोथरूड

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. दर शनिवारी रात्री "नाइट ट्रेक" म्हणून बस निघते. पंचेचाळीस मुलं, दोन लीडर, तेही विशीतले. पैसे आधी ऑनलाइन, त्यासोबत एक फॉर्म: जिवाचं बरंवाईट झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत. मी फोन करून विचारलं, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कुणाचं झालंय? "मॅडम, सगळं फन असतं, डोंट वरी." राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं, आयोजकांनी नोंदणी करायची असं त्यात आहे. नोंदणी क्रमांक मागितला तर दुसऱ्या दिवशीपासून माझा नंबर ब्लॉक.

ओलाचिंब, तुम्ही चौघं आणि एक काका गेलात. ते दिवस विसरा. आज फाटक उघडलं तर आत जाणार ती ही बस.

कातळशिल्प

बायांनो आणि बाबांनो, मूळ पाप कुणाचं? ओलाचिंबांनीच २०१४ मध्ये "सह्याद्रीतला लपलेला खजिना" अशा मथळ्याखाली नकाशासकट फोटो टाकले होते. मला चांगलं आठवतंय, कारण मी तेव्हाच लिहिलं होतं की बाबा रे, नाव लिहू नकोस. तेव्हा मला "हस्तिदंती मनोऱ्यातले जुने ट्रेकर" म्हणाला होतात.

ओलाचिंब

हो. टाकले होते. नकाशा नंतर काढला, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. ती चूक माझी, नाकारत नाही.

झेंडू

कातळशिल्प काका, म्हणजे तुम्ही पाहिलं ते पुरे आणि आम्ही पाहू नये? रान तुमच्या पिढीच्या नावावर आहे का? आम्हाला शाळेत पोहायला कुणी शिकवलं नाही, ओढा कसा ओलांडायचा कुणी सांगितलं नाही, आणि मेलो की "आजकालची रीलवाली पोरं". आधी शिकवा, मग शिव्या द्या.

कातळशिल्प

शिकवतो. छातीवरचा नि कमरेचा पट्टा सोडून मगच पाण्यात उतरायचं, म्हणजे पडलात तर सॅक फेकता येते. तोंड प्रवाहाकडे, हातात काठी, एका वेळी एकच पाय हलवायचा. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर हे सगळं विसरून मागे फिरायचं. झाली शिकवणी. नाव लिहू नकोस, हे मात्र अजून म्हणतो.

फोंडेकर

गोव्यातून थोडी भर. २०२३ च्या जुलैत नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघं बुडाले, आणि वनखात्याने अभयारण्यांतले धबधबे बंद केले. पुढच्याच रविवारी दूधसागरच्या रुळांवर शेकड्यांनी लोक. रेल्वे पोलिसांनी त्यांना उठाबशा काढायला लावल्या, व्हिडिओ देशभर फिरला. आलेल्यांत पुण्या-बेळगावाकडचे भरपूर. बंदी आहे हे माहीत नसलेला त्यांत एकही नसेल असं मी पैजेवर सांगतो. मग सांगा, बंदीने काय साधलं? उठाबशा.

दोरखंड

उठाबशा काढणारे संध्याकाळी घरी जेवले, हे साधलं.

भिरेकर

नमस्कार. मी भिऱ्याचाच. इथं सगळे आमच्या गावाबद्दल बोलतायत म्हणून लिहितो.

बंदीचा आदेश निघतो तेव्हा आम्हाला कुणी विचारत नाही, हे खरं. शनिवार-रविवारवर गावातली चाळीसेक घरं चालतात. जेवण, चहा, पार्किंग, वाटाड्या. सीझनला नाचणीची भाकरी नि पिठलं संपता संपत नाही. बंदी आली की पोरं परत कोलाडला राफ्टिंगच्या कामाला, नाहीतर मुंबई. एक गंमत सांगतो. कोलाडचं ते राफ्टिंग चालतं ते आमच्याच पाण्यावर. मुळशीचं पाणी डोंगरातून खाली येतं, टाटांच्या वीजघरात वीज करतं आणि कुंडलिकेत सुटतं. वीजघर १९२७ पासूनचं. म्हणजे पाणी आमच्या दारातून जाऊन दुसऱ्याचा धंदा करतं, आणि आमच्या धबधब्याला पोलीस.

पण दोरखंड दादा बोलले तेही खोटं नाही. आम्हीच उचलून आणलेत. एकदा भाऊ आणि मी आणि आणखी चौघं, बांबूला चादर बांधून, ओढ्यात छातीएवढं पाणी. वजन किती असतं ते तेव्हा कळलं. त्यानंतर भाऊ त्या रस्त्याला गेला नाही, आता चुलत्याच्या पोल्ट्रीवर असतो.

अडचण वाटाड्यांची पण आहे, आपल्या माणसांबद्दल लिहायला जड जातं. माणशी शंभर-दीडशे मिळतात, तेही कुंडावर पोचवल्यावर. पाणी वाढलं म्हणून अर्ध्यातनं फिरवलं तर पार्टी म्हणते, दाखवलं काय? पैसे कशाचे? मग पोरगा विचार करतो, काढू रेटून. मागचा पुढच्याला बघतो, तो पण रेटतो.

ओलाचिंब

हे वाचून गप्प झालो होतो. माझ्या योजनेतली खोट इथं आहे. वाटाड्या सक्तीचा केला आणि त्याची मजुरी कुंडाशी बांधली, तर तोच माणूस आपल्याला पाण्यात घालणार. पैसे गावात, आधी, आणि परत मिळणार नाहीत. मागे फिरवलं तरी पूर्ण. असं केलं तर?

आईसाहेब_कोथरूड

आणि बसवाला? तो मागे फिरला तर पुढच्या शनिवारी बस भरणार का त्याची?

झेंडू

नाही भरणार. ज्यांनी आम्हाला मागे फिरवलं त्यांना आम्ही एक तारा दिला होता. खरं सांगतेय. राजमाचीच्या बाजूला कातळधारला गेलो होतो, उल्हास व्हॅलीच्या रानात उतरण्याआधीच लीडरने धुकं बघून परत नेलं. बाराशे रुपये गेले म्हणून चिडून रिव्ह्यू लिहिला. आत्ता जाऊन तो काढला.

सदाशिव_पेठी

हा या धाग्याचा पहिला उपयोग.

दोरखंड

पैसे आधी घ्यायची कल्पना चांगली आहे, कुणी ग्रामसभेत मांडली तर मी येऊन बोलायला तयार आहे. पण जुलै बंदच. त्यावर तडजोड नाही.

ओलाचिंब

जुलै सोडला. ऑगस्टचा शेवटचा आठवडा?

दोरखंड

सप्टेंबरचा शेवटचा. तोही ताम्हिणीचा पाऊस बघून.

कातळशिल्प

मासळी बाजार झालाय नुसता.

भिरेकर

ओलाचिंब साहेब, तुम्ही म्हणता ते काटकीवाले काका बहुतेक आमच्या आळीतले. इरलं आता कुणी वापरत नाही, त्यांच्याकडे अजून आहे, माळ्यावर. गुडघ्यांमुळे रानात जात नाहीत, पडवीत बसून असतात. काल तुमचं लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. तुम्ही आठवत नाही म्हणाले. मी विचारलं, जुलैत किती वेळा पोचवायचात? म्हणाले, दहादा निघालो तर आठदा मागं. मग पैशाचं विचारलं, तर म्हणाले, तेव्हा माझी चार म्हशींची दुधं होती, मला कुंडाच्या पैशाची काय पडली होती.

नोव्हेंबरात या. शनिवारी-रविवारी नको, मंगळवारी या, कुणी नसतं.

ओलाचिंब

मंगळवारी रजा टाकतो. विड्यांचं बंडल आणलेलं चालेल का त्यांना? आणि गाडी कुठं लावायची?

भिरेकर

विडी डॉक्टरने बंद केलीय, आणू नका, मागून घेतील. गाडी शाळेच्या अलीकडे आंब्याखाली लावा. शाळेच्या दारात नको, सकाळी पोरांची प्रार्थना असते.