गेममधला 'दादा' : फोन काढून घेतला, चुकलं का?

कर्वेनगरची आई
मुलगा सहावीत. फ्री फायर मॅक्स हा ऑनलाइन गेम खेळतो. परवा जेवताना सहज म्हणाला, "स्क्वॉडमधला दादा मला डायमंड्स देणारे." (स्क्वॉड म्हणजे गेममधली टीम, डायमंड्स म्हणजे गेममधलं चलन.) कोण दादा? "नागपूरचा, बारावीतला." बघितलायस कधी? नाही! चॅट उघडलं. कुठली शाळा, आईबाबा घरी किती वाजता येतात, आणि शेवटी 'इथे नको, टेलिग्रामवर ये'. माझ्या हातातला घास तसाच राहिला. त्याच रात्री गेम काढला, फोन कपाटात. चार दिवस झाले, लेक धड बोलत नाही. नवरा म्हणतो, अति केलंस.

पेठेतला
अति कसलं? उशीरच केलात. सहावीतल्या पोराला फोन हवाच कशाला? ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६च्या आतल्यांना सोशल मीडियावर बंदी घातली, ते काय वेडे आहेत?

सिंहगडरोडकर
असहमत. त्या बंदीत ऑनलाइन गेम येतच नाहीत. म्हणजे हा दादा तिथेही मोकळाच.
आणि ताई, मुलाने स्वतःहून सांगितलं हो! त्याला त्याचं बक्षीस काय मिळालं? फोन गेला. पुढच्या वेळी सांगेल का? या लोकांचं सगळं भांडवल एकच असतं, 'घरी कळलं तर तुझी धडगत नाही'. ते वाक्य आपणच खरं करून दाखवायचं का?

पेठेतला
पोराने येऊन सांगावं म्हणून घरात विंचू पाळायचा? आम्ही संध्याकाळी बाहेर खेळायचो, दिवे लागले की घरी.

सिंहगडरोडकर
काका, आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये क्रिकेट खेळलं की कमिटीची नोटीस येते. पोरं खेळणार कुठे, उड्डाणपुलावर?

अकरावी कॉमर्स
माझाही फोन आठवीत काढून घेतला होता. मी क्लासमधल्या मैत्रिणीच्या फोनवरून लॉगिन करायचे. घरी सगळे खूश, फोन कपाटात म्हणून. आणि तुम्ही सगळे 'म्हाताऱ्या विकृत माणसा'बद्दल सावध करता, मला मेसेज करणारी 'मुलगी' होती. माझ्याच वयाची म्हणे. रोज विचारायची, जेवलीस का. घरात तेव्हा कोणी विचारत नव्हतं.

पेठेतला
बाळ, हे वाचून वाईट वाटलं. पण माझं मत बदललेलं नाही.

वकीलकाकू
मत नंतर, आधी काम. ताई, चॅटचे स्क्रीनशॉट काढले होते का? त्याचा गेममधला आयडी? नसेल तर गेम पुन्हा टाका. गेम काढला तरी अकाउंट तसंच राहतं, मित्रयादीसकट. तुमचा मुलगा दुसऱ्या कुठल्याही फोनवरून परत तिथेच पोचेल.
लैंगिक हेतूने मुलांशी पुन्हा पुन्हा डिजिटल संपर्क ठेवणं पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याच्या (२०१२) कलम ११ मध्ये येतं. मूल म्हणजे १८च्या आतलं. या चॅटवरून हेतू सिद्ध होईल असं मी म्हणणार नाही, पण सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. १९३० ही हेल्पलाइन मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८. (आणि 'बदनामी होईल' म्हणून गप्प बसू नका. आमच्याकडे येणारे निम्मे लोक तेवढ्यासाठीच उशिरा येतात.)

पेठेतला
हे मान्य. तक्रार कराच. पण फोन परत देऊ नका.

कर्वेनगरची आई
काल रात्री कपाटातून फोन काढला, लेकाला शेजारी बसवून गेम टाकला. पासवर्ड त्यालाच पाठ होता. स्क्रीनशॉट काढले, आयडी लिहून घेतला. दादाचे सात नवे मेसेज होते, शेवटचा 'रागावलास का?'. ब्लॉक करताना लेक म्हणाला, "आई, त्याला वाईट वाटेल ना?"
मला उत्तर सुचलं नाही. पेठेतले काका, फोन सध्या माझ्याच उशाशी आहे.