मदत हवी आहे: आयई ६००, ब्लेसिंग ३ की यू१२टी? शनिवारपर्यंत ठरवायचे आहे

कोमलऋषभ:
नमस्कार. कानाच्या आत बसणारा, तारेचा, वरच्या दर्जाचा इअरफोन घ्यायचा आहे आणि तीन आठवडे परीक्षणे वाचून माझा गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला आहे. यादी तिघांवर आणली आहे: सेनहायजरचा आयई ६००, मूनड्रॉपचा ब्लेसिंग ३ आणि ६४ ऑडिओचा यू१२टी. बाजारात आले तेव्हा त्यांच्या किमती अनुक्रमे सुमारे ७००, ३२० आणि २,००० डॉलर होत्या, म्हणजे तफावत मोठी आहे हे मला कळते. पण त्यासाठी पैसे साठवलेले आहेत, तेव्हा खर्च करावा की नाही याची चर्चा नको. शास्त्रीय गायन ऐकतो. पुण्यातल्या एका दुकानदाराने आयई ६०० शनिवारपर्यंत माझ्यासाठी बाजूला ठेवला आहे. तिघांपैकी कोणता घ्यावा, एवढेच कृपया सांगावे.

पडघम:
एवढ्या माहितीवर नाव सांगणे म्हणजे अंदाज बांधणे होईल. आपण इअरफोन कशाला जोडणार आहात? तिघांपैकी प्रत्यक्ष कोणता ऐकला आहे, आणि कोणत्या मापाच्या टिप्स (कानात बसणारी मऊ टोके) लावून? सध्या काय वापरता? "शास्त्रीय गायन" म्हणजे हल्लीची स्वच्छ ध्वनिमुद्रणे, आकाशवाणीची जुनी मोनो (दोन्ही कानांना एकच आवाज देणारी) मुद्रणे की ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून केलेल्या प्रती? या प्रत्येकाचे उत्तर वेगळे निघू शकते.

मंद्रसाधक:
माझे मत विचाराल तर थेट यू१२टी घ्या. प्रत्येक कानाच्या बाजूला बारा बॅलन्स्ड आर्मेचर (आवाज निर्माण करणारे छोटे ड्रायव्हर) आहेत, आणि गायकाचा आवाज, तानपुरा, सारंगी यांचे पदर त्यात जसे सुटे होतात तसे मी अन्यत्र ऐकलेले नाहीत. शिवाय त्यातल्या एपेक्स मोड्यूलमुळे कानात कोंडणारा दाब बाहेर जातो, त्यामुळे दोन-दोन तासांची मैफल ऐकूनही कान थकत नाही. आधी मधला घ्यायचा आणि वर्षाने वरचा घ्यायचा, यात शेवटी दोन्हींचे पैसे जातात. हे मी स्वतः केले आहे.

लोकलवासी:
मी रोज कल्याणहून मुंबईला जातो आणि गोंगाट कापणारा बिनतारी इअरफोन वापरतो. तारेचा इअरफोन कितीही भारी असला तरी गाडीच्या खडखडाटात त्याचा उपयोग होत नाही. माझा सल्ला आहे की तारेचा विचारच सोडावा. एलडॅकसारख्या कोडेकमध्ये (बिनतारी ध्वनी पाठवण्याच्या पद्धतीत) आता सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंतचा प्रवाह मिळतो.

कोमलऋषभ:
लोकलवासी, मी प्रवासात ऐकत नाही. घरीच, रात्री ऐकतो. पडघम, तुमच्या प्रश्नांची उत्तरे देतो, पण निर्णयाला चारच दिवस उरले आहेत हे लक्षात घ्यावे. आयई ६०० दुकानात माझ्या फोनला डोंगल (इअरफोन जोडण्याचे छोटे उपकरण) लावून पंधरा मिनिटे ऐकला आणि आवडला. यू१२टी ऐकलेला नाही. ब्लेसिंग ३ पाच मिनिटे कानात घातला होता. एका मित्राचा चार बॅलन्स्ड आर्मेचरचा इअरफोन मात्र दोन दिवस घरी आणून ऐकला आणि निराश झालो: डग्ग्याची घुमारी जवळजवळ नाहीशी झाली होती आणि गायकाचा आवाज नाकातून आल्यासारखा वाटत होता. त्यामुळे आर्मेचर हा प्रकारच आपल्या संगीताला चालत नाही, असे मला वाटू लागले आहे. आणि दुसरीकडे यू१२टीची सगळे स्तुती करतात. माझी अडचण नेमकी ही आहे.

नादलुब्ध:
तुमचा निष्कर्ष बरोबर आहे. डायनॅमिक ड्रायव्हरचा, म्हणजे छोट्या स्पीकरचा, पडदा खरोखरीची हवा ढकलतो, आर्मेचर हे मुळात श्रवणयंत्रांसाठी वाढलेले तंत्र आहे. डग्ग्यासाठी डायनॅमिकच हवा. आयई ६००मध्ये ७ मिलिमीटरचा एकच ड्रायव्हर आहे, म्हणून सगळा स्वर एका ठिकाणाहून येतो. फक्त तो शंभर तास वाजवून मुरवावा लागेल, मग त्याचा खर्ज उघडतो.

मंद्रसाधक:
नादलुब्ध, आर्मेचरला खर्ज नसतो हा समज जुना झाला. कानाची नळी नीट बंद झाली तर चांगले आर्मेचर २० हर्ट्झपर्यंत उतरते. लहानशा बंद पोकळीत त्याला फार हवा ढकलावीच लागत नाही. आणि शंभर तासांत ड्रायव्हर मुरतो की आपला कान त्याला सरावतो, हे तुम्ही कसे ठरवले? एकाच मॉडेलचा एक नवा आणि एक वापरलेला नग, सारख्याच टिप्स लावून, आवाजाची पातळी मोजून जुळवून आणि कोणता नग कोणता हे न कळू देता ऐकला असेल, तरच त्या अनुभवाला मी पुरावा मानेन.

नादलुब्ध:
मी तसे ऐकलेले नाही, हे मान्य करतो. पण पंचवीस वर्षे ऐकणाऱ्या माणसाच्या कानाला काही किंमत असते. डग्ग्याबद्दलचे माझे मत कायम आहे.

पडघम:
ड्रायव्हरचा वाद क्षणभर बाजूला ठेवू. कोमलऋषभ, मित्राचा इअरफोन घरी आणून ऐकला म्हणता, तो नेमका कशाला जोडला होता? त्याच डोंगलला का?

कोमलऋषभ:
नाही, घरी वडिलांचा स्टीरिओ अँप्लिफायर आहे, त्याच्या पुढच्या हेडफोन सॉकेटला जोडला होता. मोठ्या पिनेचा जोड लावून. तो उत्तम स्थितीत आहे आणि त्यावर स्पीकर अप्रतिम वाजतात, म्हणून त्याचा उल्लेख करण्याची गरज वाटली नाही. नवा इअरफोनही मी त्यालाच लावणार आहे.

पडघम:
मला वाटते, तुमचे उत्तर इथेच दडले आहे. जुन्या इंटिग्रेटेड अँप्लिफायरमध्ये हेडफोनसाठी बहुधा वेगळे सर्किट नसते. स्पीकरकडे जाणाराच प्रवाह मध्ये रोधक घालून सॉकेटला दिलेला असतो, आणि तो रोधक शंभर ओहमपासून काही शे ओहमपर्यंत असू शकतो. मोठ्या, जास्त इम्पिडन्सच्या (विद्युतरोधाच्या) हेडफोनला त्याने फारसे बिघडत नाही. अनेक आर्मेचरांच्या इअरफोनची गोष्ट वेगळी असते, कारण त्याचा इम्पिडन्स मुळात कमी असतो आणि प्रत्येक वारंवारतेला बदलतो. समजा, वारंवारतांच्या एका पट्टीत तो ८ ओहम आहे आणि दुसऱ्या पट्टीत १६. एक ओहमच्या डोंगलवर या दोन पट्ट्यांत जेमतेम अर्ध्या डेसिबलचा फरक पडेल. २०० ओहमच्या सॉकेटवर तोच फरक पावणेसहा डेसिबलच्या आसपास जाईल. म्हणजे तुम्ही त्या इअरफोनचा घडवलेला स्वर ऐकलाच नाही, त्या सॉकेटने वाकवलेला स्वर ऐकला. डग्गा मागे जाणे आणि आवाज नाकातून आल्यासारखा वाटणे, ही दोन्ही लक्षणे यात बसतात.

आयई ६०० तुम्ही डोंगलवर ऐकला आणि आर्मेचरचा इअरफोन अँप्लिफायरवर. त्यामुळे तुलना दोन इअरफोनांची झालीच नाही. मित्राचा इअरफोन पुन्हा एकदा आणून तुमच्या डोंगलला लावावा आणि मग मत बनवावे. आणि त्या अँप्लिफायरला संवेदनशील इअरफोन लावताना आवाजाची खुंटी शून्यावरून हळूहळू वाढवावी. कानाला अचानक मोठा आवाज बसला तर ते नुकसान भरून निघत नाही.

मंद्रसाधक:
पडघम यांचे स्पष्टीकरण योग्य आहे, पण त्यातून माझ्याच शिफारशीला बळ मिळते. ६४ ऑडिओने यू१२टीमध्ये इम्पिडन्स सर्व वारंवारतांना जवळजवळ सपाट ठेवणारी रचना केली आहे, ती याच अडचणीसाठी. त्या जुन्या सॉकेटवरही त्याचा स्वर फारसा बदलणार नाही.

पडघम:
हे खरे आहे, आणि हाच विचार केला तर आयई ६००लाही गुण द्यावा लागेल, कारण एकाच डायनॅमिक ड्रायव्हरचा १८ ओहम इम्पिडन्सही बऱ्यापैकी सपाट असतो. पण सॉकेटचा दोष झाकण्यासाठी दोन हजार डॉलरचा इअरफोन निवडणे मला पटत नाही. डोंगल त्यांच्याकडे आहेच.

खोलकान:
कोणी एटिमोटिकचे नाव घेतले नाही याचे आश्चर्य वाटते. ईआर४ हा इअरफोन १९९१मध्ये आला आणि त्याची आजची आवृत्ती ईआर४एसआर आजही स्वराच्या खरेपणासाठी वापरली जाते. एकच आर्मेचर, ४५ ओहम, आणि तीन पाकळ्यांची टिप कानात खोल बसते, त्यामुळे बाहेरचा आवाज ३५ डेसिबलच्या वर कापला जातो. शास्त्रीय गायनाला याहून वेगळे काही लागत नाही. बाकी सगळा थाट आहे.

कोमलऋषभ:
खोलकान, मनापासून आभार, पण मला तेवढा बंदिस्तपणा चालणार नाही. हे आधीच लिहायला हवे होते. रात्री मी आईच्या खोलीत झोपतो. तिला उठायला मदत लागते आणि तिने हाक मारली तर मला ऐकू आले पाहिजे. आणि मी मैफलींपेक्षा गुरुजींच्या तालमीची मुद्रणे जास्त ऐकतो. सुमारे दीडशे तासांची आहेत, फोनवरच मुद्रित केलेली. गुरुजी आता शिकवत नाहीत. त्यांचे कणस्वर (मुख्य स्वराला लागून येणारे निसटते स्वर), विशेषतः अवरोहात ऋषभाला लावलेला स्पर्श, मला स्पीकरवर नीट उमगत नाही आणि रात्री स्पीकर लावताही येत नाही.

उघडाकान:
मग आतला इअरफोन घेऊच नका. मागून उघडा असलेला मोठा हेडफोन घ्या. बाहेरचे सगळे ऐकू येते आणि स्वर मोकळा वाटतो.

कोमलऋषभ:
उघड्या हेडफोनमधून आवाज बाहेरही येतो आणि आईची झोप फार सावध आहे. तो विचार मी आधीच करून सोडला.

गांधारी:
मी स्वतः गाते आणि शिकवते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. फोनवरच्या तालमीच्या मुद्रणात फोन स्वतःच आवाजाची पातळी वर-खाली करत असतो. गुरुजी थांबले की तानपुरा फुगतो आणि त्यांनी स्वर लावला की तो दबतो. हे कोणताही इअरफोन दुरुस्त करू शकत नाही. त्याचप्रमाणे सगळ्यात वरच्या पट्टीतले लखलखीत तपशील, ज्यांच्यासाठी महागड्या इअरफोनांचे मोठे कौतुक होते, ते या मुद्रणांत मुळातच थोडे असतात. तिथे ऐकू येईल तो पंख्याचा आवाज. कणस्वर असतो तो मधल्या पट्टीत. तिथे जो इअरफोन सरळ आणि शांत आहे, तो तुमच्या कामाचा. त्या दृष्टीने तुमच्या यादीतले तिन्ही पुरेसे आहेत, असे माझे प्रामाणिक मत आहे.

निर्णय बसण्यावर होईल. ब्लेसिंग ३ अंगाने मोठा आहे आणि त्याचे नोझल (कानात जाणारी नळी) जाड आहे. माझ्या कानात तो अर्ध्या तासाने दुखू लागला. आयई ६०० लहान आहे आणि कानात उथळ बसतो, त्यामुळे आराम मिळतो, पण टिप चुकली तर खर्ज लगेच गळतो. त्याच्याबरोबर सिलिकोन आणि फोम अशा दोन्ही प्रकारच्या टिप्स तीन-तीन मापांत मिळतात. त्या सर्व लावून पाहा. दोन्ही कानांना एकच माप बसेल असे धरून चालू नका, माझ्या डाव्या कानाला मोठी आणि उजव्याला मधली लागते. तपासायची पद्धत सोपी आहे. काळी एकचा पुरुषी तानपुरा लावा, त्याच्या खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर असते. एकेक इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर खर्ज भरून येत असेल, तर त्या कानातली टिप हवा सोडते आहे.

हाकेविषयी: तालमीची मुद्रणे बहुधा मोनो असतील. फोनच्या सुगम्यतेच्या सेटिंगमध्ये मोनो ध्वनीची सोय असते, ती चालू करून एकाच कानात इअरफोन घालावा आणि दुसरा कान आईसाठी मोकळा ठेवावा. आवाज मात्र वाढवू नये. एका कानाने ऐकताना तो मोह फार होतो.

खोलकान:
एका कानानेच ऐकायचे असेल तर एवढा खर्च कशासाठी, हा प्रश्न मला विचारावासा वाटतो.

गांधारी:
खर्चाची चर्चा नको असे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले आहे. आणि ज्या गुरूकडून आता नवी तालीम मिळणार नाही, त्यांचा एक कणस्वर नीट ऐकू येण्याची किंमत आपण बाहेरून ठरवू नये.

नादलुब्ध:
याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. आयई ६०० घ्या, आणि मुरवण्याचा आग्रह मी मागे घेतो.

मंद्रसाधक:
यू१२टी ऐकल्याशिवाय ठरवू नये, एवढेच पुन्हा सांगतो. त्याचे एम१५ हे एपेक्स मोड्यूल बाहेरचा आवाज सुमारे १५ डेसिबलच कापते, म्हणजे हाकेच्या दृष्टीनेही ते वाईट नाही.

कोमलऋषभ:
सर्वांचे आभार. काल मित्राचा इअरफोन पुन्हा आणला आणि डोंगलला लावला. डग्गा परत आला. गायकाचा आवाजही नाकातून येत नाही. अँप्लिफायरला लावल्यावर मात्र पुन्हा तसाच झाला. तीन वेळा बदलून पाहिले. म्हणजे आर्मेचरविषयीचे माझे मत चुकीचे होते आणि ते मी मागे घेतो.

गांधारी यांनी सांगितल्याप्रमाणे एका कानाने तालीम ऐकून पाहिली. भैरवच्या अवरोहातला ऋषभ मित्राच्या याच इअरफोनवर पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आला. गुरुजी त्याला गांधाराचा स्पर्श देऊन खाली येतात, हे इतकी वर्षे माझ्या लक्षात आले नव्हते. रात्री आईने दोनदा हाक मारली, दोन्ही वेळा ऐकू आली.

शनिवारी दुकानात फोन, हाच डोंगल, तालमीची दोन मुद्रणे आणि तानपुरा घेऊन जाणार आहे. आयई ६०० आणि ब्लेसिंग ३ दोन्ही प्रत्येकी अर्धा तास ऐकेन. गांधारी, एकच विचारायचे राहिले: एका कानाने ऐकताना दुसरा इअरफोन गळ्यात लोंबकळतो आणि घातलेला खाली ओढतो. तुम्ही त्याचे काय करता?

गांधारी:
तार पाठीमागून घ्यावी आणि मोकळा इअरफोन मोकळ्या कानाच्या बाजूच्या खांद्यावर कपड्याला चिमट्याने अडकवावा. फोमची टिप असेल तर ओढ कमी जाणवते.