जर्मनीत शिकताना फिरायचं की नाही?

जर्मनीत शिकायला येणाऱ्यांना ‘मास्टर्स संपेपर्यंत फिरणं विसरा’ असा सल्ला काही जण देतात, तो मला नाही पटला. मी पश्चिम जर्मनीतल्या आखेन शहरात मेकॅनिकल इंजिनिअरिंग करतोय. गोची आहे ती इथल्या परीक्षेत. इंटर्नल्स, सबमिशन, हजेरी यांची आपल्याकडची कटकट फारशी नाही. बऱ्याच विषयांत सगळे मार्क शेवटच्या एका पेपरवर. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर निवांत वाटतात, डिसेंबर ख्रिसमस मार्केटांत जातो आणि फेब्रुवारीत स्लाइड्सचा ढीग अंगावर येतो. नापास झालात तर पेपर परत देण्याच्या संधीही मोजक्याच. एखादं लेक्चर बुडालं तरी चालेल, पण ‘युबुंग’ची (लेक्चरला जोडून असणाऱ्या सराव-तासाची) गणितं त्याच आठवड्यात हातावेगळी करा. पेपरात साधारण तशीच येतात.

आता फिरण्याचं. डॉइचलँड-तिकीट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, रीजनल गाड्यांना चालतं, आयसीईला (लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीला) नाही. म्हणजे पॅरिस-प्राग सुट्टीत, एरवी एका दिवसात जाऊन येण्यासारखं बघा. आम्हा इंजिनिअर मंडळींनी तर वुपरटाल हे शहर गाठावंच. १९०१ पासून तिथे नदीवरून उलटी टांगलेली रेल्वे धावते: चाकं डोक्यावर, एकाच रुळावर, आणि वळणावर डबा चक्क झुलतो. मागच्या काचेशी उभं राहिलं की लोखंडी कमानी एकेक करून मागे सरकताना दिसतात. डायनॅमिक्सचं अख्खं लेक्चरच म्हणा ना! जवळच १०७ मीटर उंचीचा म्युंगस्टेनचा रेल्वेपूल आहे, तोही उरकून घ्या.

रविवारी दुकानं बंद असतात, डबा घरूनच न्या.