डोस वाढला म्हणजे हालचाल वाढली असं नाही

वर एकांनी लिहिलंय की ट्रामाडॉलचा (ही दुखण्यावरची ओपिऑइड गोळी, म्हणजे अफूसारखं काम करणारी) डोस वाढवला की माणूस परत शेतात जायला लागतो, डॉक्टर लोक उगाच घाबरतात. मला नाही पटत. दुखणं कमी वाटणं वेगळं आणि वाकता-चालता येणं वेगळं. अमेरिकेत २०१८ मध्ये स्पेस नावाची ट्रायल छापून आली, जुनी कंबरदुखी नाहीतर गुडघा-खुब्याची झीज असलेले २४० पेशंट, अर्ध्यांना मॉर्फिन-ऑक्सिकोडोनसारखी ओपिऑइड औषधं, अर्ध्यांना पॅरासिटामॉल वगैरेपासून सुरुवात (ट्रामाडॉल त्यांच्यात अगदी शेवटच्या पायरीवर), आणि वर्षभरानंतर रोजची कामं करण्यात दोन्ही गटांत फरक नाही, उलट ओपिऑइडवाल्यांना साइड इफेक्ट जास्त.

आमच्या रावेरकडे केळीचे घड वाहून कंबर गेलेली माणसं घरोघरी आहेत. माझे नाना त्यातलेच. डोस वाढवत नेला तर दुखणं थोडं दबलं, पण दिवसभर गुंगी, पोट साफ नाही, आणि बांधावरून चालताना तोल जायचा म्हणून काकूंनी त्यांचं मळ्यात जाणंच बंद केलं. दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करत फिजिओ लावला, आता दुखतं पण मोटर चालू करायला स्वतः जातात. मात्र कोणी वाचून गोळी एकदम बंद करू नका, घाम, जुलाब, झोप उडणं सगळं होतं, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना दुखणं दहापैकी किती एवढंच सांगू नका, किती चालता येतं, खाली बसून उठता येतं का, तेही सांगा.