ई२०साठी के-जेट्रॉनिकचा सीलबंद स्क्रू फिरवावा का?

घाटमाथा
माझी १९८३ची मर्सिडीज २३०ई आहे, डब्ल्यू१२३. मामांनी आखातातून परतताना आणली, गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. इंजेक्शन बॉशचं के-जेट्रॉनिक, म्हणजे सगळा यांत्रिक कारभार. आत येणारी हवा एक गोल पाती ढकलते, पातीची दांडी पेट्रोल वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला प्लंजर (दट्ट्या) वर उचलते आणि त्या मापानं चारही इंजेक्टरना सतत पेट्रोल जातं. दांडीच्या सांध्यात ३ मिमीच्या अ‍ॅलन कीचा एक स्क्रू आहे. मिक्स्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, तिथं ठरतं. कारखान्यात सेट करून वर बूच मारलेलं असतं.

पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून गाडी बदलली. गरम इंजिनावर आयडलिंग वरखाली, खंबाटकी चढताना पाय दाबला की क्षणभर दम कोंडल्यासारखी थांबते, प्लग पांढरे. कारण उघड आहे. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९च. ई२०चा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. माझ्या गाडीला धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर नाही, त्यामुळे तिला इंधन बदलल्याचं कळायला मार्गच नाही. ती लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चालणारच.

म्हणून मी बूच काढलं. एक दशांश आटा घड्याळाच्या दिशेनं, अ‍ॅलन की बाहेर, भोक बंद, एकदा रेस, थांबायचं, मोजायचं. दोनदा केलं. धुरातला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.४वरून १.२ टक्क्यांवर आला आणि आयडलिंग बसलं. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी हे शिकून घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

चार_सिलिंडर
मला हे अजिबात पटत नाही. बूच मारलंय ते उगाच नाही. माझ्या गाडीला एका गॅरेजमध्ये असंच "थोडं रिच" (पेट्रोल जास्त) करून दिलं. महिनाभर खूश होतो. मग डिपस्टिक काढली तर ऑइलला पेट्रोलचा वास, प्लग काजळीनं भरलेले. मूळ दोष वेगळाच होता. इंजेक्टरच्या बुडाचे रबरी सील दगडासारखे कडक झाले होते आणि तिथून गाडी एअर घेत होती. ही चोरटी हवा पातीवरून जात नाही, म्हणून तिच्या वाटणीचं पेट्रोल मिळत नाही. आयडलला ती जाणवते, वेगात तिचा हिस्सा नगण्य. स्क्रूनं मात्र सगळीकडेच पेट्रोल वाढतं. दोष झाकला गेला आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल पेट्रोलनं धुऊन निघालं. तुम्ही सील बघितले का?

घाटमाथा
सील मागच्या वर्षी नवे टाकलेत, पाइपांवर फवारा मारूनही पाहिलं, आयडलिंग हललं नाही, म्हणजे चोरटी हवा नाही. तुमचा अनुभव खरा आहे, पण त्यावरून स्क्रूच वाईट ठरत नाही. इंधन खरोखर बदललंय, ते कोणत्या सीलनं भरून निघणार?

संध्याकाळची_फेरी
आमची २००७ची वॅगन आर आहे. तिचा ऑक्सिजन सेन्सर सतत ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये झुलत असतो आणि ईसीएम (इंजिनाचा संगणक) त्यावरून पेट्रोल कमीजास्त करतो. तरी एका मिस्तरीनं थ्रॉटल बॉडीवरचा स्क्रू फिरवून "मिक्स्चर सेट केलं" म्हणून पैसे घेतले. त्यानं फक्त हवा वाढली आणि आरपीएम चढले. एमपीएफआयवाल्यांनी (संगणकावर चालणारं इंजेक्शन असलेल्यांनी) हा धागा वाचून पाना हातात घेऊ नये, एवढीच विनंती.

धूरमापक
मी पीयूसी केंद्रात काम करते. घाटमाथा दादा, १.२ टक्के सीओ माझ्या मशीनवर सहज पास होईल, कारण बीएस-२ या प्रदूषण मानकाच्या आधीच्या चारचाकीला मर्यादा ३ टक्के आहे. बीएस-२, बीएस-३च्या गाडीला तीच ०.५ आहे. म्हणजे तुमची गाडी कितीतरी बिघडली तरी प्रमाणपत्र मिळेल. पास झाली म्हणजे सेट झाली असं कृपया धरू नका. आणि हे काम शेडचं दार लावून कधीच करू नका. सीओला वास नसतो, डोकं दुखायला लागेपर्यंत कळत नाही.

पंप_ते_प्लग
एएफआर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) मीटर लावणाऱ्यांसाठी: मीटर लॅम्डा (मिळालेली हवा भागिले लागणारी हवा, योग्य मिश्रणाला १) मोजतो आणि १४.७नं गुणून आकडा दाखवतो. ई२०वरही योग्य मिश्रणाला तो १४.७च दाखवेल. "साडेतेरावर आणतो" म्हणून स्क्रू पिळत गेलात तर भरपूर रिच कराल. लॅम्डाच वाचा.

जुना_हात
तीस वर्षं या गाड्यांवर हात काळे केलेत म्हणून लिहितो. दोघंही प्रेशरबद्दल बोलत नाही. प्लंजरच्या डोक्यावर पेट्रोलचं कंट्रोल प्रेशर असतं, ते वॉर्म-अप रेग्युलेटर (इंजिन तापेल तसा हा दाब बदलणारा भाग) ठरवतो. गरम इंजिनावर ते साडेतीन बारच्या आसपास हवं. वाढलं की प्लंजर दाबला जातो आणि गाडी लीन होते, पेट्रोल कुठलंही घाला. रेग्युलेटरच्या तोंडाशी नखाएवढी जाळी असते, ती गाळानं भरली तरी प्रेशर चढतं. घाटमाथा, गेज लावलं होतं का? आणि अ‍ॅलन की आत ठेवून कधी रेस देऊ नका, दांडी वाकते.

दुसरं, गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. ई२० पाणी ओढतं, डिस्ट्रिब्युटर बिडाचा आहे, प्लंजर अडकतो. मग स्क्रू काय करणार?

घाटमाथा
काका, गेज नव्हतं लावलं, ही माझी चूक. रविवारी मागून आणलं. गरम प्रेशर ४.२ निघालं. जाळी काढली तर तपकिरी लगद्यानं बंद. साफ करून ३.६वर आलं. मग सीओ मोजला तर १.९, कारण माझे दोन दशांश आटे तसेच होते. एक दशांश मागे घेतला, आता १.० आहे. घाटात काल जाऊन आलो, अडखळणं गेलं. पण पूर्वीच्या खुणेपेक्षा स्क्रू अजून एक दशांश पुढे आहे आणि तो मी तिथंच ठेवणार. तेवढा ई२०चा वाटा.

चार_सिलिंडर
जाळी सापडली हे उत्तम झालं. पण दादा, तुमचं सगळं दुखणं ई२०चं नव्हतं हे आता तुमच्याच गेजनं सांगितलं. स्क्रू आधी फिरवला नसता तर जाळी महिनाभर आधी सापडली असती. उरलेला एक दशांशही मला मान्य नाही. हजार किलोमीटरनंतर प्लगचे फोटो टाका, मग बोलू.

घाटमाथा
टाकतो. चारही सिलिंडरचे, क्रमानं.