एका मतदानात एकोणपन्नास विषय: काउंटी बोर्डाची ही पद्धत योग्य आहे का?

(वाचकांची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

मंगळवारचा श्रोता

कॅलिफोर्नियात मी ज्या काउंटीत (म्हणजे साधारण आपल्याकडच्या जिल्ह्यात) राहतो, तेथील बोर्ड ऑफ सुपरवायझर्सच्या सभांना गेली तीन वर्षे सवड मिळेल तसा जाऊन बसतो आहे. सुपरवायझर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कारखान्यातला मुकादम येतो. येथे मात्र तो चार वर्षांसाठी निवडून आलेला लोकप्रतिनिधी असतो. राज्यात 58 काउंट्या आहेत. सॅन फ्रान्सिस्कोत शहर आणि काउंटी एकच असल्याने तेथे 11 सभासद आहेत. बाकी सगळीकडे पाचच. जेमतेम बाराशे वस्तीच्या आल्पाइन काउंटीतही पाच आणि कोटीच्या आसपास लोकसंख्या असलेल्या लॉस एंजेलिसमध्येही पाच. (लॉस एंजेलिसच्या मतदारांनी 2024 मध्ये ही संख्या नऊवर नेण्यास मंजुरी दिली आहे, पण ते प्रत्यक्षात यायला अवकाश आहे.) तुरुंग, बालसंरक्षण, सार्वजनिक आरोग्य, गरिबांसाठीच्या सरकारी योजना आणि शहरांच्या हद्दीबाहेरचे रस्ते या सगळ्याच्या खर्चावर अखेरचा हात हेच पाच जण वर करतात.

आता मूळ मुद्दा. मागच्या सभेच्या विषयपत्रिकेवर 68 विषय होते आणि त्यांपैकी 51 ‘कन्सेंट कॅलेंडर’वर, म्हणजे एकत्रित मंजुरीच्या यादीत होते. अध्यक्षांनी विचारले, कोणाला एखादा विषय बाजूला काढायचा आहे का? एका सभासदाने दोन विषय काढले. उरलेल्या 49 विषयांसाठी एक सूचक, एक अनुमोदक, पाच होकार. माझ्या घड्याळाने दीड मिनिटही झाले नव्हते. त्यानंतर एका गौरवपत्राचे वाचन आणि छायाचित्रे यांत मात्र पंचवीस मिनिटे गेली.

त्या 49 विषयांत एक विषय ज्येष्ठ नागरिकांना घरपोच जेवण पुरवण्याच्या कराराचा होता. विषयपत्रिकेवर लिहिले होते, ‘करारातील दुसरी सुधारणा मंजूर करणे आणि मुदत 30 जूनपर्यंत वाढवणे.’ माझ्या शेजारी राहणाऱ्या वृद्ध बाईंना हा डबा येतो. आठवड्यातून पाच दिवस गरम जेवण मिळत असे; आता दोन दिवस गरम जेवण मिळते आणि उरलेल्या तीन दिवसांचे गोठवलेले डबे एकदमच आणून ठेवले जातात. हा बदल त्या ‘दुसऱ्या सुधारणे’त होता, आणि तो जोडपत्रांच्या 212व्या पानावर होता. सभागृहात त्याबद्दल एक शब्दही निघाला नाही.

माझे मत असे की ठरावीक रकमेच्या वरचा कोणताही करार या यादीत टाकूच नये. त्याचा पुकारा स्वतंत्रपणे व्हावा आणि त्यावर मतदानही स्वतंत्र घ्यावे.

निवृत्त कक्ष अधिकारी

पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्हा परिषदेत मी बावीस वर्षे सभांची इतिवृत्ते लिहिली. आपले लेखन वाचून मला, खरे सांगायचे तर, हेवा वाटला.

1961 च्या कायद्यानुसार 1 मे 1962 रोजी आपल्या जिल्हा परिषदा सुरू झाल्या. सर्वसाधारण सभा निदान तीन महिन्यांतून एकदा घ्यावी लागते, आणि तिचा पहिला विषय ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. आमच्या सभागृहात पन्नासहून अधिक सभासद होते. इतिवृत्त कायम करतानाच ‘मी असे बोललोच नव्हतो’ येथून सुरुवात होई, मग मागच्या सभेत मागितलेली माहिती का मिळाली नाही, अनुपालन अहवाल कोठे आहे, संबंधित अधिकारी रजेवर का आहेत, असे करता करता जेवणाची सुट्टी होई. विषय क्रमांक दोनपासून पुढचे सगळे विषय साडेचारनंतर, गोंधळातच, ‘मंजूर, मंजूर’ म्हणत निघत. शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय. त्यांची टिपणी सभासदांच्या हाती पडलेली नसे, कित्येकदा ती माझ्याकडेही नसे. इतिवृत्तात सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांची जागा कोरी सोडायची आणि दोन दिवसांनी वरून सांगितले जाईल त्याप्रमाणे भरायची, अशी रीतच पडून गेली होती.

म्हणून माझे म्हणणे असे की प्रत्येक विषयाचा पुकारा झाला म्हणजे त्यावर विचार झाला, हा समज अनुभवाला उतरत नाही. सभेचा वेळ ही मोजकी शिधासामग्री आहे; ती लिफ्टच्या देखभालीच्या करारावर उधळली तर वादाच्या विषयाच्या वाट्याला काही उरत नाही. आपल्या काउंटीत विषयपत्रिका सभेआधी प्रसिद्ध होते, टिपणी संकेतस्थळावर असते आणि पाचांपैकी कोणीही एक सभासद यादीतून विषय बाहेर काढू शकतो. एवढे असूनही कोणी वाचत नसेल, तर तो दोष यादीच्या माथी कसा मारता येईल? आपण स्वतः ते 212वे पान सभेआधी वाचले होते का, हे सांगावे.

पाचांतले तीन

निवृत्त कक्ष अधिकाऱ्यांचा अनुभव बोलका आहे, परंतु त्यांनी पन्नास सभासदांच्या सभागृहाचे माप पाच सभासदांच्या बोर्डाला लावले आहे. फरक केवळ संख्येचा नाही.

1952 मध्ये सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल या दैनिकाच्या एका वार्ताहराने स्थानिक संस्थांच्या बंद दाराआडच्या कारभारावर लेखमाला लिहिली आणि त्यातून पुढच्याच वर्षी राल्फ ब्राउन या आमदाराच्या नावाचा कायदा आला. त्या ब्राउन कायद्यानुसार नियमित सभेची विषयपत्रिका 72 तास आधी लावावी लागते आणि पत्रिकेवर नसलेल्या विषयावर निर्णय घेता येत नाही. खरीखुरी आणीबाणी वगळता, आयत्या वेळी विषय घ्यायचा तर पत्रिका लावल्यानंतर तातडी लक्षात आली असे दोन-तृतीयांश मतांनी, म्हणजे पाचांत निदान चार मतांनी, आधी ठरवावे लागते. येथवर कक्ष अधिकाऱ्यांचा हेवा रास्त आहे.

पण याच कायद्याची दुसरी बाजू अशी की बहुसंख्य सभासदांना सभेबाहेर काउंटीच्या कामाबद्दल आपसांत बोलता येत नाही. पाचांत बहुमत तिघांचे. पहिल्याने दुसऱ्याशी आणि दुसऱ्याने तिसऱ्याशी बोलून साखळी जुळवली, तरी तो भंगच. जिल्हा परिषदेत सभेआधी पक्षाची बैठक होते, विश्रामगृहावर चहा होतो, तेथे निदान कोणीतरी कोणाला तरी ‘हे काय आहे’ असे विचारते. येथे तिघांनी मिळून विचार करण्याची एकमेव कायदेशीर जागा म्हणजे ती मंगळवारची सभा. तिच्यातून 49 विषय दीड मिनिटात निघून गेले, तर त्या विषयांवर बोर्ड म्हणून विचार कोठेच झाला नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

आणि काही विषय गठ्ठ्यात टाकू नयेत हे तत्त्व राज्याने मान्य केलेलेच आहे. लॉस एंजेलिस काउंटीतील बेल या छोट्या शहराचा प्रशासक वर्षाला जवळजवळ 8 लाख डॉलर पगार घेतो, हे 2010 मध्ये उघड झाले आणि देशभर गाजले. 2017 पासून नियम असा आहे की वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पगारावर अंतिम निर्णय घेण्याआधी त्याचा सारांश भर सभेत तोंडी सांगावा लागतो. साहेबांच्या पगाराला जो मान मिळाला, तो आजींच्या डब्याला का मिळू नये?

आतला माणूस

मी एका काउंटीच्या खात्यात कराराचे कागद तयार करतो. (कोणती काउंटी, ते विचारू नये.) बाहेरून दीड मिनिट दिसते, आतून पाहिले तर तोच विषय आठ आठवडे चाललेला असतो. खात्याची टिपणी, हिशेबनिसाचा शेरा, वकिलाची तपासणी, काउंटी एक्झिक्युटिव्हच्या, म्हणजे मुख्य प्रशासकीय अधिकाऱ्याच्या, कार्यालयाचा अभिप्राय, आणि बहुतेक ठिकाणी सुपरवायझरच्या मदतनिसांशी आधी झालेली चर्चा, एवढ्या चाळण्यांतून तो पत्रिकेवर येतो.

येथील काउंट्यांचे आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होते. जूनमध्ये नूतनीकरणाच्या करारांची रांग लागते. त्यांतला प्रत्येक करार स्वतंत्रपणे पुकारायचा ठरवला, तर काही करार जुलैत जातील, आणि जुना करार संपून नवा मंजूर न झालेल्या त्या दोन आठवड्यांत पुरवठादाराला पैसे देण्याचा अधिकार मला राहत नाही. मग गरम किंवा गोठवलेले असा प्रश्नच उरणार नाही, डबाच येणार नाही.

रकमेच्या मर्यादेचेही तसेच आहे. रुग्णालयाच्या हातमोज्यांची खरेदी रकमेने प्रचंड असते आणि तिच्यात वाद घालण्यासारखे काही नसते. उलट ज्या बदलाने एखाद्याच्या ताटातले अन्न बदलते, त्या बदलाची रक्कम बहुधा शून्यच असते. श्रोत्यांनी सांगितलेल्या कराराचेच पाहा: एकूण रक्कम बदलली होती का? माझा अंदाज आहे की नसावी. त्यांच्या प्रस्तावाने नेमका त्यांचाच विषय निसटला असता.

आणखी एक गोष्ट. सभा लांबली की कोण टिकते, हे मी पाहिले आहे. पगारी प्रतिनिधी टिकतात. तान्हे मूल घेऊन आलेली बाई चौथ्या तासाला निघून जाते.

पुणेकर, सध्या घरीच

आपण सर्व दीड मिनिटावरून भांडत आहात. मार्च 2022 मध्ये महाराष्ट्रातील 34 पैकी बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासक होते. मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक, तोच स्थायी समिती आणि तोच सर्वसाधारण सभा. तो स्वतःच प्रस्ताव ठेवी आणि स्वतःच मंजूर करी. यादीतून विषय बाहेर काढायला सभासदच नव्हता. एवढे नोंदवून माघार घेतो.

निवृत्त कक्ष अधिकारी

पुणेकरांनी सांगितले ते खरे आहे, आणि त्या काळात कामे वेळेवर होतात असे म्हणणारे माझे काही माजी सहकारी होते, हेही तितकेच खरे आहे. वेग हवा म्हणून सभा टाळायची, या टोकाला मी जाणार नाही. ‘पाचांतले तीन’ यांचा साखळीचा मुद्दा मला ठाऊक नव्हता. त्याने माझे मत पुरते बदलले नाही, पण पन्नासांचे माप पाचांना लावू नये, हे मान्य.

श्रोत्यांच्या उत्तराची मात्र अजून वाट पाहतो आहे.

मंगळवारचा श्रोता

उत्तर देतो. 212वे पान मी सभेनंतर वाचले, शेजारच्या बाईंनी शीतकपाट उघडून दाखवल्यावर. ही कबुली द्यायलाच हवी.

मात्र ते आधी वाचले असते तर काय झाले असते, तेही सांगतो. पूर्वी एकदा मी तीन विषयांवर बोलण्यासाठी चिठ्ठी भरली होती. एकत्रित यादीवर बोलायला प्रत्येक नागरिकाला एकदाच वेळ मिळतो. विषय तीन असोत की तेरा. त्या दिवशी बोलणारे पुष्कळ असल्याने तो वेळही दोन मिनिटांवरून एकावर आणला होता. पहिल्या विषयाचा क्रमांक आणि पार्श्वभूमी सांगेपर्यंत समोरचा दिवा लाल झाला. सभासदाने विषय बाहेर काढला तर त्यावर स्वतंत्र चर्चा होते. नागरिकाला तो काढता येत नाही, फक्त विनंती करता येते.

रकमेच्या मर्यादेचा माझा प्रस्ताव ‘आतल्या माणसा’ने मोडीत काढला, आणि त्यांचा अंदाज बरोबर आहे: कराराची रक्कम एका डॉलरनेही बदललेली नव्हती. तेव्हा मागणी बदलतो. यादी राहू द्या. परंतु लोकांना मिळणारी सेवा कमी होत असेल किंवा तिचे स्वरूप बदलत असेल, तर ते विषयाच्या शीर्षकातच लिहिलेले असावे, 212व्या पानावर नव्हे.

आतला माणूस

ब्राउन कायदा म्हणतो की विषयाचे वर्णन थोडक्यात असावे आणि साधारणपणे ते वीस शब्दांहून मोठे असण्याची गरज नाही. ही सवलत आहे, मर्यादा नव्हे. पण खात्यांनी ती मर्यादाच मानली आहे. आणि येथे लिहितो म्हणून सांगतो, नीरस शीर्षक लिहिणे हे आमच्या कामातले कौशल्य समजले जाते. ‘दुसरी सुधारणा’ हे शब्द चुकून येत नाहीत.

तरीही अडचण आहे. ‘सेवा कमी होणे’ कोणी ठरवायचे? खाते म्हणेल, डबे तेवढेच आहेत, पोषणमूल्य तेच आहे, फक्त वाटपाचे वेळापत्रक बदलले.

निवृत्त कक्ष अधिकारी

कमी झाले की नाही, हे ठरवूच नका; काय होते आणि काय होणार, एवढेच लिहा. शीर्षके लिहिण्यात हयात गेली म्हणून प्रयत्न करून पाहतो: ‘ज्येष्ठांच्या घरपोच जेवणाचा करार वाढवणे, आठवड्यातून गरम जेवण पाचऐवजी दोन दिवस, उरलेले तीन दिवस गोठवलेले डबे, मुदत 30 जूनपर्यंत.’ एकोणीस शब्द झाले. एक शिल्लक आहे.

आतला माणूस

शीर्षक निर्दोष आहे. असे शीर्षक घेऊन मी खातेप्रमुखांकडे गेलो, तर ते ‘दुसरी सुधारणा’ करूनच परत येईल. आणि समजा ते तसेच छापले गेले, तर पत्रिका लागल्यावर तासाभरात कोणीतरी सुपरवायझर तो विषय यादीबाहेर काढील, त्यावर चाळीस मिनिटे बोलणे होईल, वाहनचालक मिळत नाहीत हे कारण खाते पुढे करील, आणि विषय पाच विरुद्ध शून्य मतांनी मंजूर होईल.

मंगळवारचा श्रोता

ती चाळीस मिनिटे ऐकायला मी येईन. शेजारच्या बाईंनाही घेऊन येईन, कारण वाहनचालक मिळत नाहीत हे कारण त्यांना आजवर कोणी सांगितलेलेच नाही.